आधी इमारत बघ, मग घर

अगं, तुम्ही दोघं कात्रजला जुना टू बीएचके बघताय, असं वहिनीकडून कळलं. नव्या टॉवरमधला फ्लॅट आवाक्याबाहेर गेला म्हणून मन खट्टू करून घेऊ नकोस. संतोषनगर, सुखसागरनगर, दत्तनगर, आंबेगाव इथल्या वीस-पंचवीस वर्षं जुन्या इमारतींत खोल्या ऐसपैस असतात, शेजार रुळलेला असतो. भिंतीला ओल येते का, नळाला पाणी येतं का, हे पैसे देण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतं. बांधून व्हायच्या घरात ही सोय नसते. या भागात सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मी पुष्कळ वर्षं दप्तर सांभाळलं. घर विकणारे, घेणारे, बँकेची माणसं, सगळ्यांशी बसून कागद बघितले. त्यातून जे उमगलं ते तुझ्या कानावर घालते. जावईबापूंनाही वाचून दाखव.

मुख्य मंत्र एकच आहे, बाकीचे सगळे त्यातूनच निघतात. फरशी, ओटा, नळ, वायरिंग, रंग हे तू तुझ्या पैशानं दोन-तीन महिन्यांत बदलून घेशील. पण जमिनीचा हक्क, नकाशाची मंजुरी, पाणी, गच्ची, कॉलम आणि सोसायटीची शिल्लक यांतलं काहीच तुला एकटीला बदलता येणार नाही. म्हणून एजंट ओटा दाखवत असेल तेव्हा तू जिना आणि पार्किंग बघून ये. जे एकटीला बदलता येत नाही, ते नीट असेल तरच घराच्या आत शिर.

सोसायटी आहे की अपार्टमेंट?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचार. आपल्याकडे दोन कायदे चालतात. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असेल तर ती गृहनिर्माण सोसायटी. तिथे जमीन आणि इमारत संस्थेची असते, तू सभासद होतेस आणि तुला भागदाखला मिळतो. दुसरा १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा. परदेशात ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतात ते हेच, आणि पुण्यात अशा इमारती भरपूर आहेत. तिथे बिल्डर आधी डीड ऑफ डिक्लरेशन नोंदवतो आणि मग प्रत्येक फ्लॅटचं वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट होतं. जमिनीत आणि सामाईक जागेत तुझा किती टक्के अविभक्त हिस्सा, हे त्यात लिहिलेलं असतं. सोसायटीत दर सभासदाला एक मत असतं. अपार्टमेंटमध्ये मत या टक्क्यांवर चालतं.

बाहेरच्या पाटीवर जाऊ नकोस. पाटीवर ‘अपार्टमेंट’ लिहिलेलं असतं आणि कागदावर ती नोंदलेली सोसायटी निघते. उलटंही घडतं. नोंदणीचा दाखला माग. अपार्टमेंट असेल तर विकणाऱ्याच्या नावानं डीड ऑफ अपार्टमेंट नोंदलेलं आहे ना, हे बघ. पुष्कळ जणांकडे बिल्डरशी झालेला जुना करारनामाच असतो आणि पुढचा दस्त राहून गेलेला असतो. तो दस्त आधी त्यानं पुरा करावा, मग आपला व्यवहार.

जमीन कुणाच्या नावावर आहे?

सोसायटी असेल तर पुढचा शब्द कन्व्हेयन्स. १९६३ च्या मोफा कायद्यानुसार सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची असते. प्रत्यक्षात अनेकांनी ती दिलीच नाही. म्हणून २००८ च्या दुरुस्तीनं डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढली. बिल्डर सही करत नसेल तरी सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन आपल्या नावावर करून घेऊ शकते.

आज राहायला याचा त्रास जाणवत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण पुढे इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की पहिला प्रश्न हाच येतो. जमीन जुन्या मालकाच्या नावावर असेल तर सगळं तिथेच अडतं. त्यामुळे सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढ आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाच. इतर हक्कांच्या रकान्यात नागरी जमीन कमाल धारणेची नोंद दिसली तर थांब. १९७६ चा तो कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला, पण त्याच्या कलम २० खाली सवलत घेऊन उभ्या राहिलेल्या योजनांच्या अटी उरल्या. अशा ठिकाणी वकिलाला विचारल्याशिवाय विसार देऊ नकोस.

मंजुरी कुणी दिली?

कात्रजच्या बाबतीत हा सगळ्यात नाजूक मुद्दा आहे. कात्रज गाव १९९७ साली महापालिकेत आलं. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द पूर्णपणे आले ते २०१७ साली. मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, जांभूळवाडी, कोळेवाडी या वाड्या २०२१ साली आल्या. म्हणजे पाच मिनिटांच्या अंतरावरच्या दोन इमारतींची परवानगी दोन वेगळ्या कचेऱ्यांतली असू शकते: महापालिका, जिल्हाधिकारी, किंवा २०१५ नंतर पीएमआरडीए. कुणी फक्त ग्रामपंचायतीचा दाखला पुढे केला तर समाधान मानू नकोस. ग्रामपंचायतीची परवानगी गावठाणापुरती असते, आणि डोंगराकडे पसरलेल्या वस्त्या गावठाणाबाहेरच्या आहेत.

मागायचे कागद चार: बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि भोगवटापत्र. नकाशा हातात घेऊन मजले मोज. नकाशात तीन मजले आणि प्रत्यक्षात चार असतील, आणि तुला दाखवलेला फ्लॅट चौथ्यावर असेल, तर तो कितीही उजेडाचा असला तरी सोडून दे. गॅलरी आत घेतलेली असेल, गच्चीवर खोली चढवलेली असेल, तर तेही नकाशाशी ताडून बघ.

इथल्या बऱ्याच इमारती गुंठेवारीच्या जागेवर आहेत. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले आणि त्यावर घरं उठली. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ती नियमित करण्याची सोय केली, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं तिच्या कक्षेत आणली. पण कायद्यात सोय असणं आणि या इमारतीनं ती पैसे भरून पुरी करणं यात फरक आहे. ‘अर्ज केलाय’ हे उत्तर पुरेसं धरू नकोस. नियमित केल्याचं प्रमाणपत्रच बघ. डोंगरउतारावर असेल तर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे का, हे महापालिकेच्या झोन दाखल्यावरून तपास. कात्रज–कोंढवा रस्त्याच्या कडेची इमारत असेल तर रुंदीकरणाची रेषा आवारातून जाते का, तेही त्याच खेपेला विचारून घे.

कुणी म्हणेल, महापालिका कर घेते, मग इमारत अधिकृतच आहे. असं नसतं. कर अनधिकृत बांधकामालाही लागतो, आणि कित्येकांना तर तिप्पट लागलेला आहे. २०१२ च्या सप्टेंबरात तळजाई पठारावर बेकायदा इमारत काम चालू असतानाच कोसळली आणि कामगार दगावले. मंजुरीचा कागद मागायचा तो एवढ्यासाठी. राष्ट्रीयीकृत बँक कर्जाला नकार देत असेल आणि एजंट ‘पतसंस्थेतून करून देतो’ म्हणत असेल, तर बँकेनं कशामुळे नाही म्हटलं ते आधी शोध. व्याजदराचा विचार नंतर.

पाणी आणि ओढा

घर बघायला शुक्रवारी सकाळी जा. गुरुवारी देखभालीसाठी पुण्याचं पाणी बंद असलं की शुक्रवारी ते उशिरा आणि कमी दाबानं येतं. त्या सकाळी नळ कसा चालतो, यावरून इमारतीची खरी स्थिती कळते. तळमजल्याच्या टाकीत किती पाणी येतं, मोटर किती वेळ चालते, बोअर उन्हाळ्यात आटतं का, हे वॉचमनला आणि वरच्या मजल्यावरच्या बायकांना विचार. त्या खरं सांगतात. मग सोसायटीकडे एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं बघ. महापालिकेची नळजोडणी अधिकृत आहे ना, याची खात्री करून घे. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची, म्हणजे मज्जातंतूंच्या गुलेन-बॅरी आजाराची साथ आली तेव्हा सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात पाणी शुद्ध होऊन येतं का, हा प्रश्न घराघरांत पोचला. टाकी वर्षातून किती वेळा धुतात आणि विहिरीचं किंवा टँकरचं पाणी त्यातच मिसळतात का, हे विचारायला संकोच करू नकोस.

दुसरं, पावसाचं पाणी. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजला तलाव बांधून दगडी नळानं शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं, कारण या डोंगरांतून पाणी भरपूर उतरतं. ते आजही उतरतंच. आंबिल ओढा याच डोंगरांत उगम पावतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला, तेव्हा पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या आणि माणसं गेली. इमारत ओढ्याच्या किंवा नाल्याच्या काठी असेल तर त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या दुकानदाराला विचार. पार्किंगच्या भिंतीवर चिखलाची जुनी रेघ, वीजमीटरचा बोर्ड नंतर वर चढवलेला दिसणं, नवी बांधलेली कंपाउंडची भिंत, या खुणा शोध. नाला बुजवून किंवा वळवून आवार वाढवलेलं असेल तर तिथे राहायचा विचार करू नकोस.

इमारतीचं अंग

वीस वर्षांपुढच्या इमारतीत जाताना टॉर्च घेऊन जा. पार्किंगमधले कॉलम खालून वर बघ. उभी चीर असेल, प्लास्टर फुगलं असेल, गंजलेली सळई उघडी पडली असेल, तर आत पाणी शिरून लोखंड फुगतंय असं समज. बोटांच्या पेरांनी ठोकून बघ. बद्द आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं असतं. प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक रेषांची भीती बाळगू नकोस. मात्र बीमवर किंवा कॉलम-बीमच्या सांध्यावर तिरकी चीर दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला नेल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. त्याची फी फ्लॅटच्या किमतीपुढे काहीच नाही.

मग गच्चीवर जा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं, पाणी कुठे साचतं, टाकीखालचा स्लॅब कसा आहे, ते बघ. डक्टमध्ये डोकावून ड्रेनेजचे पाइप बघ. बाथरूमची गळती वरच्या घरातून येत असेल तर तिची दुरुस्ती वरच्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहते, हे लक्षात ठेव. शक्य असेल तर श्रावणात बघ. नव्या रंगाखालची ओल पावसात झाकली जात नाही.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायला सांगितलं आहे. शेवटचा अहवाल माग आणि त्यात सुचवलेली कामं झाली का, ते विचार. अहवालच नसेल तर त्यावरूनही इमारतीची सवय कळते. लिफ्ट नसेल तर तिसऱ्या मजल्याचा विचार आई-बाबांचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवून कर.

सोसायटीचं दप्तर

ताळेबंद, गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं आणि थकबाकीदारांची यादी या तीन गोष्टी बघायला मिळाल्या तर इमारतीचं निम्मं भविष्य तुला कळेल. विकणारा सभासद आहे, तो मागू शकतो. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जायला हवा. एका फ्लॅटचा बांधकाम खर्च १० लाख धरला तर हे वर्षाला २,५०० आणि ७,५०० रुपये होतात. वीस फ्लॅटांच्या सोसायटीत दर वर्षी २ लाख. वीस वर्षं ही वर्गणी गोळा झाली असेल तर गच्चीचं काम निघालं तरी कुणाला घाम फुटत नाही. मेंटेनन्स अगदी कमी आहे असं कौतुकानं सांगतील, तेव्हा निधीत किती आहे ते विचार. बहुतेक वेळा उद्याचा खर्च आज कुणी भरलेला नसतो, म्हणून तो कमी असतो.

जपानमध्ये ही गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली आहे. तिथे रोजच्या देखभालीचे पैसे वेगळे आणि मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचे वेगळे असे दर महिन्याला भरावे लागतात. जुना फ्लॅट घेणारा माणूस निधीत किती जमा आहे आणि पुढच्या दुरुस्तीचा आराखडा काय, हे विचारूनच पुढे जातो. भूकंपाचे नवे कडक नियम तिथे १ जून १९८१ पासून लागू झाले, म्हणून इमारतीची मंजुरी त्याआधीची की नंतरची, हाही नेहमीचा प्रश्न. म्हणजे घराच्या आतलं बघण्याआधी ते इमारतीचं सामाईक बघतात. आपल्याकडेही ही सवय लागायला हवी.

पार्किंगबद्दल स्पष्ट बोल. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली नहालचंद प्रकरणात सांगितलं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग सामाईक असतं, बिल्डर ते वेगळं विकू शकत नाही. विकणारा ‘माझं पार्किंग’ म्हणत असेल तर सोसायटीनं दिल्याचा ठराव दाखवायला सांग. हस्तांतर शुल्काचंही असंच. महापालिका हद्दीतल्या सोसायटीला हस्तांतराचा प्रीमियम २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही. त्यावर देणगी किंवा विकास निधी म्हणून मागितलं तर पावतीवर काय लिहिणार ते नम्रपणे विचार, पण भांडून प्रवेश करू नकोस. पुढे त्याच लोकांबरोबर राहायचं आहे.

विकणाऱ्याचे हक्क

बिल्डरनं पहिल्या माणसाला दिला त्या करारापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक दस्त मूळ स्वरूपात आणि नोंदणीच्या पावतीसह हवा. मधला एक जरी गहाळ असेल तर बँक अडते. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घे आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दे. घर वडिलांचं असेल आणि मुलगा विकत असेल तर जास्त जप. सोसायटीच्या वहीत नॉमिनी म्हणून नाव असलं तरी नॉमिनी मालक होत नाही. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, किंवा बहिणींनी नोंदवलेलं हक्कसोडपत्र तरी. परदेशातल्या भावाची सही ‘नंतर आणतो’ म्हणाले तर तोवर व्यवहार थांबव.

क्षेत्रफळ टेप घेऊन स्वतः मोज. जुन्या करारात बिल्ट-अप, एजंटच्या तोंडी सेलेबल आणि बँकेच्या कागदात कार्पेट, असे तीन आकडे येतात. भाव कार्पेटवर काढ आणि शेजारच्या दोन फ्लॅटांच्या सूची दोनमधल्या, म्हणजे नोंदणी कचेरीच्या उताऱ्यातल्या रकमेशी ताड. मेट्रोचा भाव वेगळा मोजू नकोस. स्वारगेट–कात्रज भुयारी मार्गाला केंद्र सरकारनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये मंजुरी दिली, हे खरं. पण ती धावायला लागेपर्यंत हप्ते तुलाच भरायचे आहेत.

पैशांची मांडणी

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर ६. पंचावन्न लाखांच्या घरात हा फरक ५५,००० रुपयांचा होतो. नोंदणी फी ३०,००० रुपये. करारातली रक्कम आणि रेडी रेकनर यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क लागतं. जुन्या तयार घराला जीएसटी नाही. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून तू भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर दर वेगळा आणि बराच मोठा, तेव्हा सीएला आधीच गाठ. रोख रक्कम एक रुपयाही देऊ नकोस. किमतीच्या आठ-दहा टक्के दुरुस्तीसाठी वेगळे काढ. सगळी पुंजी खरेदीत ओतून ओल्या भिंतीत राहू नका.

ताबा घेताना महापालिकेच्या कराची, विजेची, गॅसची आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचे कागद घे. राहायला गेल्यावर कराला स्वतःचं नाव लाव आणि पीटी-३ अर्ज भर; स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत अर्ज न केल्यानं हातची जाते.

आणि सामान लागलं की पहिल्या वार्षिक सभेला जा. ती ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. घर घेताना जे एकटीला बदलता येत नाही म्हणून तू इतकं तपासलंस, ते सगळं त्या सभेत बदलतं: निधी वाढतो, गच्चीचं काम मंजूर होतं, कन्व्हेयन्सचा अर्ज निघतो. या सभांना पाच-सहा माणसं येतात आणि तीच सगळ्यांच्या घराचं ठरवतात. तू त्यांच्यात जाऊन बस, हिशोब वाच, आणि कामाला माणूस कमी पडत असेल तर हात वर कर. चांगली जुनी इमारत नशिबानं मिळते असं लोक म्हणतात. मी जवळून बघितलेल्या प्रत्येक चांगल्या इमारतीत वर्षानुवर्षं असा हात वर करणारी दोन-चार माणसं होती.